अठ्ठेचाळीस बंदुकांची पंगत

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. जत्रेतल्या छऱ्याच्या बंदुकीनं फुगा फोडायलाही मला कधी जमलं नाही. तरीही ऐंशीच्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ काउंटीत सलग सहा वर्षं शिकाऱ्यांची रायफल स्पर्धा मी भरवत होतो, आणि त्या स्पर्धेचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा नंतर बांधलेल्या पुलांचा नाही. पूल काय, कुणीही इंजिनियर बांधतो.

आता हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. मी मूळचा पाटबंधारे खात्यातला सर्व्हेवाला. अमेरिकेत आल्यावर एका पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. पोलादाचा धंदा बसला आणि ऑफिसला कुलूप लागलं. सात महिने घरी बसल्यावर, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून तासाभरावर असलेल्या एका काउंटीच्या पार्क खात्यात ‘कार्यक्रम संयोजक’ अशी नोकरी मिळाली. एक वर्षाची, कच्ची. कामं म्हणजे म्हाताऱ्यांच्या सहली, पोहण्याचे वर्ग, आणि नोव्हेंबरात ही शिकाऱ्यांची स्पर्धा.

माझी साहेबीण डोना. सिगारेटवर सिगारेट ओढणारी, पण सरळ बाई. तिनं पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून सांगितलं, “विश, गेल्या वर्षी या मॅचमध्ये एक जण मरता मरता वाचला. आपापलं मारून झालं की लोक टार्गेट बघायला पुढे चालत जायचे. एक जण असाच पुढे गेला आणि बाजूच्यानं त्याच वेळी गोळी झाडली. त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर माती उडाली. यंदा विमा कंपनीचा माणूस स्वतः येऊन उभा राहणार आहे. एक गोळी जरी नियम सोडून सुटली तर मॅच कायमची बंद. आणि मॅच बंद झाली तर तुझी जागा पक्की करायला मी काउंटीला काय कारण देऊ?”

(विश म्हणजे मी. विश्वनाथ म्हणायला कुणाला जमलं नाही.)

म्हणजे माझी नोकरी अशा लोकांच्या बोटावर होती जे मला ओळखतही नव्हते. घरी येऊन हे सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, आपल्या घरात झुरळसुद्धा आपण मारत नाही, बाहेर सोडून येतो. आणि तू शूटिंगची कॉम्पिटिशन ऑर्गनाइज करणार? त्यांना सांग ना, आय ॲम नॉट क्वालिफाइड!” मी म्हटलं, “सात महिने क्वालिफाइड होतो, तेव्हा कुणी विचारलं नाही.”

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही ऑलिम्पिकसारखी नेमबाजी नव्हे. तिथे पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ असतं आणि अंतर ठरलेलं असतं. इथे रानाच्या कडेनं एक पायवाट, पायवाटेवर सहा ठाणी, समोर उतरतं गवत आणि त्यापलीकडे गोळ्या पोटात घेणारा उभा डोंगर. प्रत्येक ठाण्यासमोर आठ जणांसाठी आठ कागदी हरणं. एका ठाण्यावर उभं राहून मारायचं, दुसऱ्यावर गुडघा टेकून, तिसऱ्यावर आडव्या पडलेल्या ओंडक्यावर रायफल ठेवून, एका ठिकाणी झाडाला टेकून. प्रत्येक ठिकाणी पाच गोळ्या. हरणाच्या काळजाच्या जागी लागली तर पुरे गुण, पोटात लागली तर शून्य, कारण पोटात गोळी लागलेलं हरीण रानात दोन दिवस तडफडतं. हा नियम शिकाऱ्यांनीच केलेला होता. तो वाचला तेव्हा त्या लोकांबद्दलचं माझं मत पहिल्यांदा जरा बदललं.

पहिली चूक मी लगेच केली. सर्व्हेवाल्याच्या हातात मोकळं रान दिलं तर तो काय करणार? मी मोजपट्टी आणि दुर्बीण घेऊन दोन दिवस खपलो, प्रत्येक हरणाचं अंतर फुटाचीही चूक न ठेवता काढलं आणि प्रत्येक ठाण्यावर सुबक पाट्या ठोकल्या. एकशे बारा यार्ड. एकशे सत्तर यार्ड. स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो.

सोमवारी सकाळी सहाही पाट्या माझ्या टेबलावर होत्या, आणि टेबलापलीकडे एक आडदांड माणूस उभा होता. साठीचा, लाल चौकड्यांचा कोट, हातांचे तळवे फावड्याएवढे. हा हार्लन. चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावायचं काम करायचा आणि शिकाऱ्यांच्या क्लबाचा अध्यक्ष होता.

“हरीण काय गळ्यात पाटी अडकवून येतं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “अंतर ठाऊक असलं तर नेम चांगला लागेल ना?”

“अंतर ओळखणं हाच तर खेळ आहे! नेम काय, खुंटीला बांधलेली बंदूकसुद्धा धरते.” आणि जाता जाता दारातून म्हणाला, “तू शिकारी नाहीस ना?”

“नाही.”

“मांस तरी खातोस?”

“नाही.”

त्यानं डोनाच्या केबिनकडे अशा नजरेनं बघितलं की ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मला राग आला. पण राग गिळून मी त्या पाट्या अडगळीत टाकल्या, कारण त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

खरा प्रश्न मात्र पाट्यांचा नव्हता. प्रश्न होता की गेल्या वर्षीसारखं होऊ द्यायचं नाही म्हणजे काय करायचं. अठ्ठेचाळीस माणसं, सहा ठाणी, प्रत्येक जण आपल्या मर्जीनं मारणार आणि आपल्या मर्जीनं पुढे जाणार. मी नियमांची दोन पानं लिहिली, ती फाडली, चार पानं लिहिली. अशात एके दिवशी बसल्या बसल्या मला वसंतकाका आठवले.

वसंतकाका म्हणजे माझे सख्खे चुलते. वाईजवळच्या आमच्या गावात लग्नमुंज असली की पंगत सांभाळायला त्यांनाच बोलावणं असायचं. दीडशे पानं मांडलेली, पण काकांच्या पंगतीत गडबड नाही. सगळ्या पानांवर सगळं वाढून झाल्याशिवाय आणि यजमानांनी ‘सावकाश होऊ द्या’ म्हटल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. ज्याचं आधी आटपलं त्यानंही शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पानावरून उठायचं नाही. आणि पहिली पंगत उठून, जागा साफ झाल्याशिवाय दुसरीतल्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही. एकदा गावच्या सरपंचांनी आधीच भजं तोंडात टाकलं, तर काकांनी त्यांना सगळ्यांदेखत ते ताटात परत ठेवायला लावलं होतं.

मला एकदम उजेड पडला. सहा ठाणी म्हणजे सहा वेगवेगळे खेळ नाहीतच, ती एकच लांब पंगत आहे! सगळ्यांनी एका इशाऱ्यावर रायफल भरायची, एका इशाऱ्यावर सुरू करायचं. चार मिनिटं. कुणाचं मिनिटभरात आटपलं तरी जागा सोडायची नाही. मग शिट्टी झाली की बोल्ट उघडायचा, रायफल खाली ठेवायची आणि मागच्या पांढऱ्या दोरीपलीकडे जाऊन उभं राहायचं. बोल्ट म्हणजे रायफलीचं दार म्हणा. ते उघडं असलं की गोळी सुटूच शकत नाही. सगळे दोरीमागे आले की मगच सगळ्यांनी मिळून टार्गेट बघायला जायचं, आणि परत येऊन पुढच्या ठाण्यावर सरकायचं.

क्लबाच्या बैठकीत हे सांगितलं तर गोंधळ उडाला. हार्लन म्हणाला, “माझ्या पाच गोळ्या मिनिटात होतात. उरलेली तीन मिनिटं मी काय भजन करू?” मागून कुणी तरी ओरडलं, “ही किंडरगार्टनची रांग आहे!” मी पंगत म्हणजे काय ते समजावायला गेलो, तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. ज्यानं आयुष्यात पंगत पाहिली नाही त्याला ती तोंडानं कशी सांगणार?

घरी येऊन मी सुधाला म्हटलं, “तू या लोकांना जेवायला घालशील?”

“किती जण?”

“चाळीसेक.”

“चाळीस लोकांना पुऱ्या तळू? आर यू सीरियस?” मग तिनं कणकेचा डबा उघडून बघितला आणि म्हणाली, “कणीक पुरायची नाही. पिस्कॅटवेला कुमुदला फोन कर, ती वीकेंडला येतेय. तिकडच्या इंडियन दुकानातून घेऊन येईल. श्रीखंडाला सावर क्रीम चालेल.” (कुमुद तिची मैत्रीण.)

तर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, लांब टेबलांच्या एकाच बाजूला, खाणीतल्या आणि शेतातल्या चाळीस शिकाऱ्यांची पंगत बसली. समोर कागदी ताटल्या. पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, श्रीखंड. सुधा नऊवारी नव्हे तरी पैठणी नेसून वाढत होती. मी आधीच बजावलं होतं की सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं. पण ताटात गरम पुरी पडल्यावर हार्लनला दम निघेना. त्यानं पुरी उचलली. सुधा तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती तिथूनच, हातातल्या झाऱ्यासकट वळली आणि कडाडली:

“नॉट येट, हार्लन!”

खाणीत डोंगर फोडणाऱ्या त्या माणसानं पुरी गुपचूप ताटात परत ठेवली. मग जी हशाची लाट उठली! सगळ्यांना वाढून झाल्यावर मी ‘सावकाश होऊ द्या’ म्हटलं, त्याचा अर्थ सांगितला, आणि सगळे एकदम जेवायला लागले. शेवटी एडना नावाची शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई राहिली होती. ती फार हळू जेवायची. चाळीस माणसं तिचं श्रीखंड संपेपर्यंत बसून राहिली. ती लाजून लाल झाली. पण मला ठाऊक होतं की आता यांना नियम कळला आहे, आणि हेही ठाऊक होतं की तो आवडलेला नाही. निघताना हार्लन म्हणाला, “जेवण झकास. मॅचचं बघू.”

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार. हरणांचा हंगाम उघडायला नऊ दिवस होते. तिथे हंगामाचा पहिला सोमवार म्हणजे आपल्याकडचा दिवाळीचा पाडवाच, शाळांनासुद्धा सुट्टी. सकाळी गवतावर हिम होतं. अठ्ठेचाळीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर भडक नारिंगी टोप्या. कुणाची रायफल आजीच्या गोधडीत गुंडाळलेली, तर एकानं रायफलीवरची दुर्बीण चक्क इन्सुलेशन टेपनं बांधून आणलेली. ती तिसऱ्या गोळीला निखळून पडली, आणि तो पठ्ठ्या उरलेला दिवस नुसत्या डोळ्यानं मारून मधल्या नंबरात आला. मी मागे लाकडी मचाणावर, हातात भोंगा. माझ्याशेजारी विमा कंपनीचा माणूस, हातात पॅड, तोंडावरची माशी हलत नव्हती.

पहिल्या चार फेऱ्या अशा झाल्या की वसंतकाका असते तर त्यांनी मिशीला पीळ दिला असता. लोड. सावकाश होऊ द्या. हो, हे मी भोंग्यावरून मराठीतच म्हणत होतो, शिकाऱ्यांनीच तसा आग्रह धरला होता. धडधडाट. शिट्टी. बोल्ट उघडे. दोरीमागे. सगळे मिळून पुढे, सगळे मिळून मागे. एडना तर फॉर्मात होती. दरवर्षी मागचा माणूस घाई करतो म्हणून तिचा नेम चुकायचा. आज तिला हक्काची चार मिनिटं होती आणि ती शेवटच्या सेकंदापर्यंत वापरत होती.

पाचव्या फेरीला मी ‘लोड’ म्हटलं. अठ्ठेचाळीस रायफली भरल्या. मी ‘सावकाश’ म्हणायला तोंड उघडलं, आणि डावीकडच्या ओढ्यातून एक हरीण वर आलं.

नर. शिंगांचा डोलारा असा की मला शिकारीतलं ओ की ठो कळत नसूनही मी भोंगा खाली घेऊन बघत राहिलो. नोव्हेंबरात हे नर माजावर येतात, त्यांना ना आवाजाची पर्वा ना माणसांची. तो गवतात शिरला आणि नेमबाज आणि कागदी हरणं यांच्या मधून, पहिल्या ठाण्यापासून सहाव्याकडे, पाहुण्यासारखा चालायला लागला.

वाचकांनी जरा विचार करावा. वर्षभर ज्याची स्वप्नं पडतात ते समोर उभं, साठ यार्डांवर, आणि हातात भरलेली रायफल. हंगामाआधी मारणं गुन्हा, हे सगळ्यांना ठाऊक. पण बोट कायदा वाचून हलत नाही. एक गोळी सुटली असती तर मॅच संपली होती, माझी नोकरी संपली होती, आणि बहुधा त्या मागोमाग आणखी दहा गोळ्या सुटल्या असत्या.

मी भोंगा तोंडाला लावला. “सीज फायर! बोल्ट उघडा! दोरीमागे!”

खट्. पहिल्या ठाण्यावर एक बोल्ट उघडला. मग खट् खट् खट्, पावसाच्या थेंबांसारखे आवाज ओळीनं सरकत गेले. माणसं रायफली खाली ठेवून मागे सरकत होती, नजर मात्र हरणावर. एडना दोरीमागे जाऊन हात जोडल्यासारखी उभी राहिली. सत्तेचाळीस माणसं दोरीमागे. तिसऱ्या ठाण्यावर ओंडक्यामागे एक लाल चौकड्यांचा कोट तसाच पडलेला होता, गाल रायफलीच्या दस्त्याला चिकटलेला. नळी हरणाबरोबर हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होती.

हार्लननं बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं होतं की चार वर्षांत त्याला एकही नर मिळालेला नाही. मला ते आठवलं. मी भोंगा पुन्हा तोंडाला लावला. विमावाल्यानं पेन उघडलं. ओरडलो असतो तर दचकून त्याचं बोट दाबलं गेलं असतं. पुढे पळालो असतो तर दोरीचा नियम मीच मोडला असता. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, आणि अगदी हळू निघालं:

“नॉट येट, हार्लन.”

एक क्षण काही झालं नाही. मग तो लाल कोट हलला. त्या फावड्याएवढ्या हातानं बोल्ट मागे ओढला. खट्. एक पितळी काडतूस उडून बर्फाळ गवतात पडलं. हार्लन गुडघ्यांवर उठला, रायफल खाली ठेवली आणि मागे न बघता दोरीपर्यंत उलट्या पावलांनी आला. तिथे पोचल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याचं बघून इतरांनीही काढल्या.

ते हरीण काही घाईत नव्हतं. चौथ्या ठाण्यासमोर एका कागदी हरणाला त्यानं हुंगून पाहिलं, ते काही उत्तर देईना म्हणून शिंगानं एक ढुशी दिली, आणि मग रमतगमत रानात गेलं. अठ्ठेचाळीस शिकारी दोरीमागे उघड्या डोक्यानं उभे.

विमावाला पॅडवर काही तरी लिहीत होता. मी विचारलं, “काय लिहिताय?” तो म्हणाला, “लिहितोय की मी पंचवीस वर्षांत असलं काही पाहिलेलं नाही.” मग पहिल्यांदाच हसला. “हे तुम्ही त्यांना शिकवलं कसं?”

“पुऱ्या खायला घालून,” मी म्हटलं. त्यानं तेही लिहिलं की नाही कोण जाणे.

मॅच एडनानं जिंकली. बक्षीस घेताना ती म्हणाली, “मला कुणीच घाई केली नाही.” जानेवारीत मॅचला कायमची परवानगी मिळाली आणि माझी जागा पक्की झाली. डोनानं सिगारेट विझवून माझा हात इतका जोरात हलवला की खांदा दुखला. मी काकांना विमानपत्र लिहून सगळी हकिगत कळवली. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता: श्रीखंड घट्ट झालं होतं का?

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटत राहिलं. अठ्ठेचाळीस लोकांसमोर, भोंग्यावरून, मी एका साठीच्या माणसाला नाव घेऊन टोकलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर ते मला फार लागलं असतं. संध्याकाळी आवराआवर करताना मी त्याला गाठून तसं म्हटलं. त्यानं फक्त “हं” केलं आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला. मला वाटलं, झालं, हा माणूस आपल्याला पुन्हा बघणार नाही.

हंगामाच्या पहिल्या सोमवारी दुपारी घरचा फोन वाजला. मी उचलला. हार्लन. “तुझ्याशी काही बोलायचं नाही,” तो म्हणाला, “मिसेसला दे.”

सुधानं फोन कानाला लावला, आणि रिसीव्हरमधून त्याचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू येत होता. “मॅम, आज सकाळी तोच नर मला दिसला! तोच! ऐंशी यार्डांवर, आडवा उभा. माझ्या जागेवर, माझ्या हंगामात, माझ्या खिशात लायसन्स! मी गाल टेकवला, श्वास रोखला, आणि मॅम, माझ्या कानात तुमचा आवाज आला. ‘नॉट येट, हार्लन!’ आणि या माझ्या हातानं, मला न विचारता, बोल्ट उघडला! चाळीस वर्षं शिकार करतोय मी! काडतूस बुटावर पडलं, आणि मी दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो. तिथे दोरीसुद्धा नव्हती!”

सुधा हसता हसता खुर्चीवर बसली. पदर डोळ्यांना लावून तिनं विचारलं, “आणि मग हरीण?”

“मग काय! बघितलं माझ्याकडे आणि गेला निघून.” मग तो म्हणाला, “पुढच्या वर्षी जेवण करणार आहात ना? माझं नाव पहिलं लिहा.”

तो नर त्याला पुन्हा कधी दिसला नाही. पुढची पाच वर्षं दर नोव्हेंबरात हार्लन त्याचा सगळा दोष सुधाला द्यायचा, आणि दर नोव्हेंबरात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पहिल्या पानावर येऊन बसायचा. समोर गरम पुरी असायची आणि दोन्ही हात मांडीवर. कुणी नवखा आधीच घास उचलायला गेला की त्याला थांबवायचं काम सुधाला कधी करावं लागलं नाही.